मधल्या मजल्यावरची ऊब

१

लुडविग्सहाफेनमधल्या एका चार मजली इमारतीत श्यामकांत खांबेट्यांचं घर होतं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी त्यांनी ते निवडलं ते एकाच कारणासाठी, वर आणि खाली दोन्हीकडे माणसं राहतात म्हणून. हे ते कोणालाही सांगत, कोणी विचारलेलं नसलं तरी. खालच्यांनी हीटर लावला की त्यांचं छत तापतं, म्हणजे आपली जमीन. वरच्यांनी लावला की त्यांची जमीन तापते, म्हणजे आपलं छत. मग आपण वेगळा लावायचा कशाला? केमिकल इंजिनिअर माणूस; उष्णता कुठून निघून कुठे जाते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ती आपल्याकडे येते यात त्यांना काही वावगं वाटत नसे.

तिकडच्या घरांत खिडकीखाली गरम पाण्याचे हीटर असतात. कडेला एक ते पाच आकड्यांची मूठ, आणि आकड्यांच्या आधी बर्फाच्या चांदणीची खूण, म्हणजे नळ गोठू नयेत इतपतच. खांबेट्यांच्या घरातल्या साऱ्या मुठी ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत त्या चांदणीवर असत. संध्याकाळी स्वयंपाकघरातली तेवढी एकावर, तीही जेवण होईपर्यंत. घरात ते दोन स्वेटर आणि कानटोपी घालून बसत. खालच्या मजल्यावरच्या ब्याऐंशी वर्षांच्या फ्राऊ केलर एकदा जिन्यात त्यांना म्हणाल्या होत्या, की इतकी वर्षं मी तुम्हालाही शेकते आहे. म्हातारी हसली, हेही हसले. पुढे मराठी मंडळाच्या गणपतीत हा किस्सा त्यांनी स्वतःच्या कौतुकाचा म्हणून चारचौघांत सांगितला.

माणूस वाईट नव्हता हो. कधी कोणाला फसवलं नाही, कामात चोख, वेळेचा पक्का. फक्त काही द्यायचं म्हटलं की जिवावर यायचं. पैसा तर राहूच द्या, भाजी छान झालीय एवढे तीन शब्दसुद्धा त्यांच्या तोंडून निघत नसत. बायको विभावरी चार वर्षांपूर्वी गेली. मुलगी तनया लग्न करून तिकडे वर ब्राउनश्वाइगला होती. घरात हे एकटे, आणि सगळं कसं त्यांच्या मनासारखं थंडगार.

डिसेंबरच्या पहिल्या मंगळवारी ते नेहमीप्रमाणे साडेचारला घरी आले. बाहेर अंधारलं होतं. बूट काढले, कानटोपी चढवली आणि चहा टाकायला बोळातून स्वयंपाकघराकडे निघाले. मधल्या बंद खोलीसमोरून जाताना पायाला काहीतरी लागलं म्हणून ते थांबले. लागलं काहीच नव्हतं. तिथली जमीन गरम होती.

एक पाऊल मागे घेतलं तर फरशी बर्फासारखी. पुढे टाकलं तर ऊब, मोज्यातून थेट तळव्याला. फ्राऊ केलरनी खाली काहीतरी नवीन बसवलेलं दिसतंय, असं म्हणून ते चहा करायला गेले. पण कप घेऊन परत त्याच जागी येऊन उभे राहिले, आणि चहा तिथेच संपवला.

२

ती खोली आधी तनयाची होती. ती शिकायला बाहेर पडल्यावर विभावरीची झाली, शेवटची दीड वर्षं. ती गेल्यावर आठवडाभरात खांबेट्यांनी तिथल्या हीटरची मूठ काढून टाकली आणि त्या जागी प्लॅस्टिकचं टोपण घट्ट पिळून बसवलं. ते बसलं की पाणी बंद. मग दार लावून फटीला जुना टॉवेल गुंडाळून लावला, खोलीतला गारठा बाहेर येऊ नये म्हणून. चार वर्षं तो टॉवेल तिथेच होता.

त्यांनी तो पायाने बाजूला सारला आणि दार उघडलं. कुकरचं झाकण काढल्यावर यावी तशी गरम हवा तोंडावर आली. हीटरला हात लावला तर चटका बसला. टोपण बघितलं, घट्ट होतं. हीटरवर मापाची एक पांढरी डबी असते, किती ऊब वापरली ते मोजणारी. वर्षाचं बिल तिच्यावरून येतं. तिचं बटण दाबलं. आकडा आला शून्य.

दुसरा कोणी असता तर घाबरला असता, निदान कोणाला फोन तरी केला असता. खांबेट्यांनी विचार केला तो असा, की टोपण आतून झिजलं असणार आणि डबी बिघडली असणार. दोन्ही गोष्टी शक्य आहेत, एकाच वेळी झाल्या तर तो योगायोग. ऊब येतेय आणि तिची कुठे नोंद होत नाहीये. मग त्यांनी स्वयंपाकघरातली खुर्ची आणली, हीटरसमोर मांडली, आणि बसून दोन्ही तळवे त्यावर धरले.

खोली तापत गेली तसे कपाटातून वास बाहेर पडायला लागले. डांबरगोळ्यांचा, ओव्याच्या पुरचुंडीचा, तनयाच्या मेणाच्या खडूंचा. आणि मग खांबेट्यांना दह्याची आठवण झाली. विभावरीच्या हाताचं दही लुडविग्सहाफेन-मानहाइममधल्या सगळ्या मराठी पोरांत नावाजलेलं. मास्टर्सला आलेली मुलं लहानसे डबे घेऊन विरजण मागायला यायची, आणि ती कोणाला रिकाम्या हाताने पाठवायची नाही. दुधाला विरजण लावून पातेलं टॉवेलात गुंडाळायची आणि याच हीटरवर ठेवायची. झोपण्याआधी हे येऊन मूठ चांदणीवर करून जायचे. सकाळी पातेल्यात दूधच. एक-दोनदा असं झाल्यावर ती पातेलं रजईत घेऊन, पोटाशी धरून झोपायला लागली. सकाळी उठून सांगायची, "अहो, लागलं बरं का दही." यावर ते म्हणायचे, बघ, हीटरची गरजच नव्हती.

खांबेट्यांना हे आठवून हसू आलं. किती दिवसांनी. ते डोळे मिटून बसून राहिले, आणि सहा वाजून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण कानटोपी काढून मांडीवर ठेवली आहे.

३

गुरुवारी संध्याकाळी तनयाचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा ते त्या खुर्चीतच होते. सलग तिसरा दिवस. कामावरून सुटलं की ट्रॅम, ट्रॅमवरून थेट घर, घरात आल्यावर थेट खोली. चहासुद्धा आता तिथेच.

तनयाने आधी विचारलं की बाबा, टोपी कुठे गेली. ते म्हणाले, आज जरा कमी आहे थंडी. कुठल्या खोलीत बसलो आहोत हे त्यांनी सांगितलं नाही. का सांगितलं नाही, याचा त्यांनी विचारही केला नाही.

प्रश्न तिचा जुनाच होता, आठवडाभरापूर्वी विचारलेला. तिचा नवरा रुपेश येत्या रविवारी पुण्याला निघणार होता. त्याच्या वडिलांचं ऑपरेशन, दोन महिने तरी तिकडे. तनयाची एल्टर्नत्साइट चालू, म्हणजे बाळासाठीची रजा, आणि नऊ महिन्यांच्या अन्वीला घेऊन एवढ्या हिवाळ्यात एकटीने राहायचं तिच्या जिवावर आलं होतं. दोन महिने बाबांकडे यावं का, एवढंच ती विचारत होती. गेल्या आठवड्यात खांबेटे "बघू" म्हणाले होते.

या "बघू"ला मागचा इतिहास होता. अन्वी मार्चमध्ये झाली तेव्हा ते गेले नाहीत, तिकीट महाग होतं. बारशाला गेले नाहीत, कारण व्हिडिओवर सगळं दिसतंच. तेव्हा तनयाने पाळण्यासमोर फोन धरला आणि यांनी इथून टोपी घालून बारसं बघितलं, आणि मधे जोडणी तुटली तर पुन्हा लावलं नाही. नातीला त्यांनी अजून हात लावलेला नव्हता.

"इथे मंगळवारपासून हीटिंग चालत नाहीये," तनया म्हणाली. "म्हणजे चालतं, मध्येच गार पडतं. अन्वीच्याच खोलीत. माणूस येऊन बघून गेला, म्हणाला आलेस इन ओर्डनुंग, सगळं ठीक. हात बघा हिचे."

तिने अन्वीचा हात कॅमेऱ्यासमोर धरला. बोटांची टोकं जांभळट दिसत होती. खांबेट्यांना वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण त्याच वेळी मनात हेही आलं की या दोघी आल्या तर घरभर हीटर लावावे लागतील, दिवसरात्र, आणि ही खोली सोडावी लागेल. ते म्हणाले, "बघू."

तनयाने अन्वीचा हात परत आपल्या मुठीत घेतला. मग अगदी शांतपणे म्हणाली, "रविवारपर्यंत सांगा बाबा. नाहीतर मीही रुपेशबरोबर जाते. त्याला तिकडे नोकरी मिळतेय, पुण्यालाच. तिकडे गेलो तर परत येऊच असं नाही."

४

शुक्रवारी ते एक वाजताच घरी आले. आल्या आल्या हत्यारांची पेटी काढून खोलीत गेले, कारण आता त्यांच्यातला इंजिनिअर टोचणी लावायला लागला होता. टोपण झिजलेलं असेल तर असो. हीटरच्या तळाशी, पाणी परत जायच्या नळीवर, एक स्क्रू असतो. तो आवळला की पाणी फिरूच शकत नाही, टोपण असो नसो. त्यांनी तो शेवटपर्यंत आवळला आणि अर्धा तास वाट पाहिली. हीटर होता तसाच गरम राहिला. डबीत शून्य.

त्यांनी भिंतीला कान लावला. हीटरमध्ये पाणी असलं की ते बारीक गुळगुळतं, हा आवाज त्यांना अठ्ठावीस वर्षांचा ओळखीचा. तो नव्हता. आतून येत होती एक संथ, लयीतली कुजबुज, जवळ कोणी लहान झोपलं असेल तर येते तशी. कानातलं रक्त असेल, त्यांनी स्वतःला सांगितलं. साठी उलटली, होतं असं.

आणि खुर्चीत बसलं की तर्क सैल पडायचा. त्या दिवशी तनया आठवली, पाच वर्षांची, बर्फात खेळून आलेली. विभावरीने तिचे ओले हातमोजे हीटरवर वाळत घातले होते आणि दोघी खाली बसून मोज्यांतून निघणारी वाफ बघत होत्या. तनया म्हणत होती की मोजे श्वास घेतायत. खांबेटे तेव्हा दारात उभे होते. आत येऊन त्यांनी मूठ तीनावरून एकावर केली होती. पण आठवणीत तो भाग येतच नव्हता. वाफ, दोघींच्या पाठी, खिडकीवर जमलेलं दव, एवढंच पुन्हा पुन्हा यायचं आणि जीव तृप्त व्हायचा.

चारच्या सुमाराला फोन वाजला. तनयाने एका कागदाचा फोटो पाठवला होता. जर्मनीत घराच्या हीटिंगची तक्रार करायची तर नुसतं ओरडून भागत नाही, प्रोटोकोल लागतो: तारीख, वेळ, तापमान, सगळं लिहून. इमारतीचा कारभार बघणाऱ्या कंपनीला तो पाठवायचा. सोबत लिहिलं होतं, बाबा, तुम्ही या विषयातले, एकदा नजर घाला.

मंगळवार. सव्वाचारपर्यंत एकवीस. पावणेपाचला अठरा. सव्वापाचला पंधरा. सहाला चौदा. सव्वासहानंतर चढत चढत पुन्हा एकवीस. बुधवार, गुरुवार, तेच. शुक्रवार, म्हणजे आज: सकाळभर एकवीस. दीडनंतर सोळा.

दर शुक्रवारी ते कामावर चारपर्यंत थांबत असत. आज लवकर निघाले होते ते खोलीसाठी, आणि हे त्यांनी कोणालाही सांगितलेलं नव्हतं. फोन त्यांनी एका हातात धरला. तो कागद त्यांनी तीनदा वाचला. वाचतानाही दुसरा तळवा हीटरवरच होता.

५

मधे साडेचारशे किलोमीटर. दोन वेगळी शहरं, दोन वेगळी पाण्याची जाळी. हे शक्य नाही, आणि शक्य नसलेली गोष्ट मोजून खोटी पाडता येते, ही खांबेट्यांची आयुष्यभराची श्रद्धा. शनिवारी सकाळी त्यांनी तनयाला कळवलं की नऊ ते बारा दर दहा मिनिटांनी तापमान लिहून पाठव. तिने विचारलं नाही कशाला. बाबा काहीतरी करतायत याचंच तिला बरं वाटलं असणार.

नऊ ते अकरा ते स्वयंपाकघरात बसले, दोन स्वेटर आणि टोपी घालून, हात काखेत खुपसून. दर दहा मिनिटांनी फोन वाजायचा. एकवीस. एकवीस. साडेएकवीस. बरोबर अकराला ते उठले, खोलीत गेले, दार लावलं, टोपी काढली आणि हीटरवर तळवे ठेवले.

अकरा दहा: सतरा.

अकरा वीस: साडेचौदा.

आता इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, जरी ती त्यांनी स्वतः कधी कोणाला सांगितली नसती. ते लगेच उठले नाहीत. आकडा वाचला, समजला, आणि तरी ते बसून राहिले. कारण त्याच वेळी बंद दारापलीकडे, स्वयंपाकघरात, स्टीलच्या पातेल्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला. मागोमाग बांगड्यांचा. घरात तिसरं कोणी नव्हतं, दुसरंही नव्हतं. ती पावलं ते ओळखत होते. उजव्या पायावर किंचित जोर देणारी. ती बोळातून येत होती. आता दार लोटेल आणि म्हणेल, अहो. हे एकदा ऐकायचं, मग उठायचं, असं त्यांनी ठरवलं. एकदाच. ऊब गुडघ्यांवरून वर चढत होती, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

पावलं दाराशी येऊन थांबली. दार कोणी लोटलं नाही. ती जी कोण होती ती बाहेर उभी राहिली, फटीतून तिची सावली दिसत होती, आणि आत येत नव्हती. गरम खोलीत बसून खांबेट्यांना पहिल्यांदा शिरशिरी आली. तिला आत यायचंच नव्हतं. ती नुसती वाट बघत होती.

अकरा तीस: साडेबारा. आणि पाठोपाठ व्हिडिओ कॉल. तो घेऊन त्यांनी फोन खिडकीच्या कठड्याला टेकवून ठेवला आणि तळवे पुन्हा हीटरवर नेले.

६

तनयाने घरात ओव्हरकोट घातला होता.

विभावरी अशीच घरात कोट घालून पोळ्या लाटायची. पाहुणे आले की पटकन काढून ठेवायची. शेवटच्या आजारपणात तिला हॉस्पिटलात ठेवलं तेव्हा तिसऱ्या दिवशी ती म्हणाली होती, "अहो, इथे किती उबदार आहे. अजून दोन दिवस राहू देतील का हो?" हा किस्साही त्यांनी लोकांना सांगितला होता. विनोद म्हणून. तनया तेव्हा शेजारीच बसली होती, आणि ती हसली नव्हती.

"हे बघा ना," तनया म्हणत होती. "पाचावर आहे, आणि हात लावला तर बर्फ." तिने फोन फिरवला. पडदे दिसले, सतरंजी दिसली, सतरंजीवर टोपी-कोटात गुंडाळलेली अन्वी बसलेली दिसली. ती रडत नव्हती. खिडकीखालच्या कोपऱ्यात बघत होती. फोन आणखी फिरला आणि हीटर दिसला.

हीटरसमोर खुर्चीत एक माणूस पाठमोरा बसला होता. करड्या स्वेटरवर तपकिरी स्वेटर, डोक्यावर मागे टक्कल, खांदे वाकलेले. दोन्ही तळवे हीटरवर, अगदी चिकटवून. कितीतरी दिवसांच्या भुकेल्याने ताटावर वाकावं, तसा तो त्या हीटरवर वाकला होता.

फोन त्याच्यावरून शांतपणे पुढे सरकला.

"तिथे कोण बसलंय?" खांबेट्यांनी विचारलं. आवाज त्यांचाच होता की नाही, त्यांना सांगता आलं नसतं.

"कुठे? कोणी नाही. रुपेश खाली गेलाय." तनयाने फोन पुन्हा तिकडे नेला. "हां, अन्वी बघतेय म्हणून म्हणताय का? ती मंगळवारपासून तिथेच बघत बसते. काय दिसतं कोण जाणे."

खांबेट्यांनी उजव्या हाताचं एक बोट उचललं. पडद्यावरच्या माणसाचं बोट उचललं गेलं. आणि तेव्हा त्यांना मानेवर, मागे, टकलाच्या जरा खाली, कोणाची तरी नजर जाणवली. अगदी लहान, न मिटणारी नजर. आपल्या मागे भिंत आहे, कपाट आहे, हे त्यांना माहीत होतं. मागे वळून बघायचं धैर्य त्यांना झालं नाही, कारण पडद्यावरच्या माणसाने वळायला सुरुवात केली असती, आणि ते तोंड त्यांना बघायचं नव्हतं.

त्यांनी तळवे उचलले. सहज उचलले गेले नाहीत, ओढावे लागले. ते उठले तेव्हा खुर्ची करकरली, आणि तीच करकर क्षणभराने फोनमधूनही ऐकू आली.

"तनया," ते म्हणाले, "मी येतोय. आज. तुम्हा दोघींना न्यायला."

तनयाने फोन स्वतःकडे वळवला. मग तिने विचारलं, "बाबा, बरं वाटतंय ना तुम्हाला?"

"नाही," खांबेटे म्हणाले. "मी तुझ्या आईला थंडीत ठेवलं गं. मला माहीत होतं आणि मी ठेवलं." हे वाक्य चार वर्षं त्यांच्या आत होतं की अठ्ठावीस, कोण जाणे. ते बाहेर पडल्यावर दाराच्या फटीतली सावली तिथे नव्हती.

हीटर गार पडला होता, लोखंडासारखं लोखंड. त्यांनी खालचा स्क्रू उलटा फिरवला, टोपण काढलं, पेटीतून जुनी मूठ शोधून बसवली आणि तीनावर केली. नळीत पाणी गुळगुळलं. मग स्वयंपाकघर, बैठक, न्हाणीघर, घरभर फिरून एकूण एक मूठ तीनावर. बॅग भरून निघताना त्यांनी खोलीतल्या डबीचं बटण दाबून बघितलं. आकडा एक झाला होता. आयुष्यात पहिल्यांदाच वाढलेला आकडा बघून त्यांना हुश्श झालं.

७

जिन्यात फ्राऊ केलर भेटल्या. घाईघाईत त्यांनी तिला सांगून टाकलं की मी घरभर हीटर लावलेत. म्हातारीने त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं की डॉक्टरांना बोलावू का.

ऱ्हाइन ओलांडून मानहाइमला गाडी पकडली. तिकीट ऐन वेळचं, पूर्ण भावाचं. खिडकीतून शेतं अंधारत गेली. काचेत आपलं प्रतिबिंब पडतंय हे लक्षात आल्यावर त्यांनी तिकडे बघायचं सोडून दिलं, आणि उरलेला वेळ समोरच्या सीटकडे बघत बसले.

पाचच्या सुमाराला तनयाने दार उघडलं. तिने कोट काढला होता. साडेअकरानंतर जे तापलंय ते तापलंयच, ती म्हणाली, काय झालं होतं देव जाणे. ती त्यांना नमस्कार करायला वाकली आणि वर उठताना तिने त्यांच्या तोंडाकडे जरा जास्त वेळ पाहिलं. आतल्या खोलीत रुपेशची मोठी सूटकेस उघडी पडली होती, आणि तिच्यात अर्ध्या भागात अन्वीचे कपडे रचलेले होते. खांबेट्यांनी ते पाहिलं. तिने सामान भरलं होतं, बाबा येतोय म्हणाले तरीही. बरोबरच होतं तिचं.

"तुमचं घर गरम आहे?" तिने विचारलं.

"तापतंय," ते म्हणाले. "वेळ लागेल. भिंती चार वर्षांच्या गार आहेत."

अन्वी सतरंजीवर बसली होती. या वयाची मुलं नवीन माणूस दिसला की भोकाड पसरतात. ही रडली नाही. तिने खांबेट्यांकडे पाहिलं. मग मान वळवून खिडकीखालच्या कोपऱ्याकडे पाहिलं, जिथे आता नुसता हीटर होता. मग पुन्हा यांच्याकडे. आणि सावकाश, एकेक करून, तिने आपले दोन्ही हात अंगरख्याच्या बाह्यांत ओढून घेतले.

"अगं, आजोबा आहेत," तनया हसून म्हणाली. "पहिल्यांदा भेटतायत तुला." मग वडिलांना म्हणाली, "कमाल आहे. ओळखीचे असल्यासारखं बघतेय."

खांबेटे सतरंजीवर बसले, कोपऱ्यापासून लांब, हीटरकडे पाठ करून. दोन्ही तळवे उताणे करून त्यांनी तिच्यासमोर धरले आणि तसेच धरून ठेवले. रुपेश वर आला, पाया पडला, काहीतरी विचारून गेला. त्यांचे दंड भरून आले, गुडघे बोलायला लागले. अन्वी बाह्यांत हात घालून बसलेली, नजर न काढता. त्या नजरेत राग नव्हता, आणि त्यामुळेच ती सोसवत नव्हती.

बऱ्याच वेळाने डाव्या बाहीतून एक बोट बाहेर आलं. तिने ते त्यांच्या तळव्याला टेकवलं आणि लगेच काढून घेतलं. थांबली. मग पुन्हा टेकवलं, या वेळी काढलं नाही.

दारात उभी असलेली तनया हे बघत होती. ती आत गेली, आणि रुपेशच्या सूटकेसमधून अन्वीचे कपडे बाहेर काढायला लागली.